कचेरीतून रंगभूमीवर : अण्णासाहेब किर्लोस्कर

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी ‘संगीत सौभद्र’ नाटकातला एक प्रवेश बसवायचे ठरले आणि नारदाची भूमिका माझ्या वाट्याला आली. नाटकातली द्वारका श्रीकृष्णाची. मी राहतो ती नाशिकची द्वारका, मुंबई-आग्रा रस्त्यावरची! ट्रकच्या कर्ण्यांत माझे सूर बुडत. घरी वडिलांचा एकच धोशा : आधी नोकरी, मग गाणे. हे नाटक लिहिणारे गृहस्थ स्वतः सरकारी कचेरीत नोकरी करीत होते हे कळले, तेव्हा मी त्यांचे चरित्र वाचायला घेतले.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगावकडील गुर्लहोसूर या गावी झाला. त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. शिक्षणासाठी पुण्यास आलेल्या अण्णासाहेबांना अभ्यासापेक्षा नाटकाचाच नाद अधिक. पुढे त्यांनी बेळगावला शिक्षकाचे काम केले आणि मग पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी धरली.

१८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा संगीत खेळ पाहिला. असे मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत उतरवायला घेतले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्याचे पहिले चार अंक पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात करून दाखविले. तेव्हा त्यांचे वय ३७ होते.

यात नवे काय होते? भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. अण्णासाहेबांनी गाणे पात्रांच्याच मुखी घातले आणि संवादही लिहून दिले. चालीही त्यांनी ओळखीच्याच घेतल्या : कीर्तनातली साकी-दिंडी, कानडी पदे, लावणी, बायकांची गाणी. सुमारे दोन तपे आधी, १८५८ साली, पोलंडच्या मोन्युश्कोचा ‘हाल्का’ हा ऑपेरा वॉर्सात झाला होता. स्वतःचे राज्य गमावलेल्या त्या लोकांना त्यात आपली भाषा आणि आपले नाचगाणे भेटले. परक्या अमलाखालच्या मराठी प्रेक्षकालाही अण्णासाहेबांनी असेच काही दिले, असे मला वाटते.

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले. सुभद्रा झाले होते बडोद्याहून आणलेले भाऊराव कोल्हटकर. बलरामाला बहिणीसाठी दुर्योधन पसंत, तिचे मन अर्जुनावर, आणि कृष्ण आतून सूत्रे हलवतो. देवादिकांची ही कथा मराठी घरातल्या लग्नाच्या खटपटीसारखीच वाटते, आणि म्हणूनच ती शिळी होत नाही.

१८८४ साली त्यांचे ‘रामराज्यवियोग’ आले, पण ते अपुरेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी, अण्णासाहेब गेले. ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगापासून त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली! पण त्यांची मंडळी पुढे चालली, आणि १९०५ साली बालगंधर्व तिच्यातच पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले.

कचेरी सांभाळून तालमी घेणाऱ्या या माणसाची गोष्ट मी एका रात्री वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, की उद्याची तालीम किती वाजता सुटते.