डॉ. ड्यू बॉईस यांचे निवेदन

हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांचा जन्म १८६८ मध्ये अमेरिकेत झाला. १९४६ मध्ये बोधिसत्त्व बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे न्यावा, असे बाबासाहेबांच्या मनात होते. पुढील वर्षी ड्यू बॉईस यांनी स्वतः संपादिलेले निवेदन राष्ट्रसंघास सादर झाले. ते चर्चेस घ्यावे, ही सोव्हिएत सूचना जिनिव्हात अमेरिकेच्या विरोधामुळे फेटाळली गेली. जगाला मानवी हक्क शिकविणारा देश स्वतःची झडती देईना! मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट तर ड्यू बॉईस यांच्याच संस्थेच्या संचालक मंडळावर होत्या. त्यांनीही पाठिंबा नाकारला. १९४८ मध्ये संस्थेने ड्यू बॉईस यांना सेवेतून काढले. १९६३ मध्ये घानात त्यांचे निधन झाले.