बेघरांची आई : मेरी स्लेसर

स्कॉटलंडमध्ये १८४८ साली गरीब घरात जन्मलेल्या मेरी स्लेसर अकराव्या वर्षीच डंडीच्या गिरणीत कामाला लागल्या. १८७६ मध्ये ख्रिस्ती मिशनरी म्हणून त्या आजच्या नायजेरियातील कॅलाबारला गेल्या व तेथील एफिक भाषा शिकल्या. त्या भागात जुळी मुले अशुभ मानून टाकून देत आणि त्यांच्या आईला घराबाहेर काढीत. मेरीबाईंनी अशी कित्येक मुले उचलून आणून वाढविली. १९१५ साली त्याच मुलखात त्या वारल्या; कॅलाबारमध्ये त्यांचे दफन झाले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला त्यांचे एक काम विशेष मोलाचे वाटते. निराधार स्त्रियांनी स्वतःच्या कष्टावर उभे राहावे म्हणून त्यांनी वसाहत वसविली. आपल्या पश्चातही टिकेल असा आसरा त्यांना द्यायचा होता.