विश्लेषण : तीनच हंगाम खेळलेला मॉरिस स्टोक्स ‘एनबीए’साठी महत्त्वाचा का?

अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये मॉरिस स्टोक्स अवघे २०२ सामने खेळला. डोक्याला झालेल्या दुखापतीने वयाच्या २४व्या वर्षी त्याची कारकीर्द संपली.

खेळाडू म्हणून तो कसा होता?

पिट्सबर्गजवळच्या रँकिनमध्ये १९३३ साली जन्मलेला स्टोक्स पेनसिल्व्हेनियातीलच सेंट फ्रान्सिस या छोट्या कॉलेजकडून खेळला. १९५५मध्ये रॉचेस्टर रॉयल्सने त्याला घेतले, तेव्हा लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळून जेमतेम पाच वर्षे झाली होती. पहिल्या हंगामात तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. दुसऱ्या हंगामात त्याने १,२५६ रिबाउंड घेतले, म्हणजे नेम चुकून रिंगवरून उसळलेला चेंडू तितक्या वेळा ताब्यात घेतला. हा तेव्हा लीगचा विक्रम होता. सहा फूट सात इंच उंचीचा हा धिप्पाड खेळाडू पासही अचूक द्यायचा. त्या काळी उंच खेळाडूंकडून ती अपेक्षाच नसे.

नेमके काय घडले?

१२ मार्च १९५८. साखळीतील अखेरचा सामना मिनिॲपोलिसमध्ये होता. रिंगकडे झेपावताना स्टोक्स पडला, डोके जमिनीवर आपटले आणि तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आणून त्याला पुन्हा मैदानात उतरवण्यात आले. आज असा खेळाडू तपासणीशिवाय परत खेळूच शकत नाही. तीन दिवसांनी डेट्रॉईटमध्ये तो बाद फेरीचा सामनाही खेळला. परतीच्या विमानात त्याची प्रकृती बिघडली, झटके आले, तो कोमात गेला. शुद्ध आली तेव्हा बुद्धी शाबूत होती, पण शरीर लुळे पडले होते.

जॅक ट्वायमनने काय केले?

संघ तोवर सिनसिनाटीला हलला होता. उपचारांचा खर्च अफाट आणि विम्याचे संरक्षण नाही. स्टोक्सला सही करता येत नसल्याने त्याच्याच खात्यातील पैसेही काढता येईनात. कुटुंब पिट्सबर्गला होते. तेव्हा सिनसिनाटीत राहणारा श्वेतवर्णीय सहकारी ट्वायमन, वय अवघे २३, न्यायालयामार्फत त्याचा कायदेशीर पालक झाला. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई त्याने ओहायो राज्याकडून मिळवली. उरलेल्या खर्चासाठी न्यूयॉर्क राज्यातील कुट्शर्स या रिसॉर्टवर दर उन्हाळ्यात मदत सामना भरवला. विल्ट चेंबरलेनसारखे दिग्गज तिथे खेळायला येत. सुरुवातीला ट्वायमन मुळाक्षरे म्हणत जाई आणि हव्या त्या अक्षराला स्टोक्स डोळे मिचकावी. असे शब्द जुळत. हे पालकत्व १२ वर्षे चालले आणि त्या काळात ट्वायमन स्वतः लीगच्या आघाडीच्या स्कोअररपैकी एक होता.

पुढे काय झाले?

६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने स्टोक्सचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार दफन सेंट फ्रान्सिसच्या आवारात झाले. २००४मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. त्याच्या वतीने तो सन्मान ट्वायमनने स्वीकारला.