हडसन स्ट्रीटवरचं घर

मैत्रिणींनो, जुन्या पेठेतलं पडकं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा सासूबाईंपासून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. त्या दिवसांत मला धीर दिला तो जेन जेकब्जच्या गोष्टीनं.

जेन १९१६ साली अमेरिकेतल्या स्क्रँटन गावी जन्मली आणि पुढे नोकरीसाठी न्यूयॉर्कला आली. १९४७ मध्ये तिनं आणि तिच्या आर्किटेक्ट नवऱ्यानं हडसन स्ट्रीटवरचं ५५५ नंबरचं मोडकळीला आलेलं घर घेतलं. खाली पूर्वी गोळ्या-चॉकलेटचं दुकान, मागं कचऱ्यानं भरलेलं अंगण! ऐपतवाले तेव्हा उपनगरांत बंगले घेत होते. या दोघांनी मात्र घर दुरुस्त केलं, अंगणात बाग केली. तीन मुलं तिथंच वाढली.

जेन गल्ली न्याहाळायची. दुकानदार, शेजारीपाजारी यांची नजर असते, म्हणून रस्ता सुरक्षित राहतो, हे तिनं ओळखलं. १९६१ मध्ये यावरच तिचं गाजलेलं पुस्तक आलं. त्याच वर्षी महापालिकेनं तिच्या भागातल्या १४ ब्लॉकच्या पुनर्विकासाचा घाट घातला. कॉलेजची पदवीही नसलेली ही बाई शेजाऱ्यांना घेऊन लढली. १९६२ मध्ये तो बेत बारगळला.

मुलांना व्हिएतनाम युद्धात जावं लागू नये म्हणून १९६८ मध्ये हे कुटुंब कॅनडात टोरांटोला गेलं. तिथंच २००६ मध्ये जेन वारली. तिनं वाचवलेल्या त्या गल्लीत आज सामान्य माणसाला घर परवडत नाही, ही खंत उरतेच.

आम्ही ते घर घेतलं. भिंतींची ओल तपासलीच, पण आधी शेजारच्या काकूंकडे चहा घेतला!