डॉ. इरावतीबाई कर्वे : विद्यावृत्तीपासून विद्वत्तेपर्यंत

घरातील मुलगा अथवा मुलगी पदवीधर झाली म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो नोकरीचा. त्यात गैर असे काही नाही. संसार चालावयाचा तर मिळवते हात हवेतच. परंतु पदवीनंतर दोन-तीन वर्षे विद्यापीठाच्या अल्पशा विद्यावृत्तीवर राहून एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणे, हाही एक मार्ग आहे. कोलशेत परिसरातील आपल्या सभासद-कुटुंबांत या मार्गाचाही विचार व्हावा, या हेतूने आम्ही यंदाच्या स्मरणिकेत डॉ. इरावती कर्वे यांचे चरित्र सादर करीत आहोत. ज्ञातिसंस्थेच्या ग्रंथात, ज्ञाती या विषयाचाच आयुष्यभर अभ्यास केलेल्या विदुषीचे स्मरण व्हावे, हे उचितच होय.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या एका कंपनीत नोकरीस होते. तेथील महानदीचे नाव त्यांनी कन्येस ठेविले. सातव्या वर्षी मुलीस पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती त्यांच्या मुलीबरोबर वाढली. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र व रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवीनंतर त्यांना मुंबई विद्यापीठात दक्षिणा फेलोशिप मिळाली. या वृत्तीचा इतिहास मनोरंजक आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. १८१८ नंतर इंग्रज सरकारने ती काही अंशी चालू ठेविली आणि पुढे त्या निधीतून ग्रंथांस पारितोषिके व होतकरू पदवीधरांस वृत्ती देण्यात येऊ लागल्या. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे याच वृत्तीचे मानकरी. शास्त्री-पंडितांसाठी निर्माण झालेले ते द्रव्य शतकानंतर एका विवाहित स्त्रीच्या संशोधनास उपयोगी पडले. दानाचा ओघ काळानुरूप वळविला तर तो किती दूरवर पोहोचतो, याचे हे उदाहरण होय.

विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे मार्गदर्शक होते. इरावतीबाईंनी प्रबंधासाठी आपल्या जन्मज्ञातीचाच, म्हणजे चित्पावनांचा, विषय घेतला. समुद्रकाठी परशुरामाने ज्ञाती निर्माण केल्याची कथाही त्यांनी श्रद्धेने मिरविली नाही वा उपहासाने टाकिली नाही. अभ्यासाचा विषय म्हणून तिच्याकडे पाहिले. १९२८ साली त्यांनी एम. ए. ची पदवी संपादन केली.

त्याच वर्षी त्या जर्मनीस निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या श्वशुरांना हे जाणे पसंत नव्हते. पती मात्र पाठीशी उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ रक्कम दिली. बर्लिनमध्ये प्राध्यापक ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा अभ्यास आरंभिला. युरोपीय वंशाची बौद्धिक श्रेष्ठता कवटीच्या आकारात दिसून येते, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी दीडशेच्या सुमारास कवट्या मोजल्या. असमानता आढळली, परंतु वंशाशी तिचा संबंध आढळला नाही. परका देश, कर्जाचा भार, आणि पदवी देणे-न देणे ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध निष्कर्ष! तरीही त्यांनी मोजमापास बाध आणिला नाही. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी काही वर्षे महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला व १९३९ पासून अखेरपर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. महाभारतावरील 'युगान्त' हा मराठी ग्रंथ साहित्य अकादमीच्या पुरस्कारास पात्र ठरला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावे असे त्यांचे एक प्रतिपादन आहे. एका मूळ ज्ञातीचे तुकडे पडत जाऊन पोटज्ञाती झाल्या, असे डॉ. घुर्ये मानीत. शिष्येने पुढे उलट मत मांडिले. एकाच नावाच्या अनेक ज्ञाती मुळातच वेगळ्या असून केवळ समान व्यवसायामुळे एका नावाखाली आल्या, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रातील थोरचाके व लहानचाके कुंभारांचेच पाहा. दोघेही मडकी घडवितात, परंतु चाक निराळे आणि सोयरीक नाही. गुरूचा आदर कायम ठेवून गुरूशी मतभेद करण्याचे हे धैर्य त्यांना पुराव्याने दिले.

ज्ञातीचा अभिमान बाळगणे सोपे आहे. तिचे खरे स्वरूप शोधणे कठीण, आणि त्याकरिता विद्यावृत्तीची ती दोन निवांत वर्षे लागतात. आपल्या घरातील एखादी बुद्धिमान कन्या वा पुत्र ती मागू लागला, तर वडीलधाऱ्यांनी नकार देण्यापूर्वी दिनकररावांचे स्मरण करावे, आणि मंडळानेही आपल्या विद्यार्थी-साहाय्याचा काही वाटा अशा अभ्यासकांसाठी राखावा, अशी आमची नम्र विनंती आहे.