घाटाखालचे तळे आणि नाना फडणीस

इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणीस भेटतात ते पुण्यात, कागदपत्रांच्या गराड्यात. मला मात्र ते प्रथम भेटले खोपोलीच्या तळ्यावर. लहानपणी आजोबांबरोबर वीरेश्वराच्या दर्शनाला गेलो की परतताना आम्ही पाण्याच्या काठी घटकाभर बसत असू. हे देऊळ आणि हे तळे नानांनी बांधले, असे आजोबा सांगत. आमच्या शेजारी एक नाना राहत. ते गवंडीकाम करीत. कित्येक वर्षे मी त्या तळ्याचे श्रेय त्यांनाच देत होतो!

खरे नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. घराणे मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. जन्म 1742 सालचा, साताऱ्याचा. आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले आणि 1719 मध्ये तेथेच कामी आले. पुढे फडणिशी या घराण्याकडे आली. 1756 मध्ये वडील वारले आणि चौदाव्या वर्षी नानांच्या हाती लेखणी आली. 1761 मध्ये पानिपतच्या रणातून ते कसेबसे जिवंत परतले, पण आई तेथेच अंतरली. प्रकृती नाजूक, तलवारीचा वकूब नाही. अशा माणसाने पुढे पंचवीस वर्षे मराठी राज्याचा तोल सांभाळला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला. राघोबादादांविरुद्ध बारभाईंनी कारभार हाती घेतला, त्यात नाना प्रमुख. 1774 मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि तान्ह्या पेशव्याच्या नावाने राज्य चालू लागले. राघोबा इंग्रजांकडे गेले. इंग्रज मुंबईहून निघाले, पनवेलला उतरले आणि आपल्या खालापूरच्या वाटेने बोरघाट चढले. 1779 च्या जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, पडला आणि वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. दोन वर्षांनी, 1781 मध्ये, जनरल गॉडर्डने पुन्हा घाट घेतला. त्याचा तळ पायथ्याशी खोपोलीलाच होता. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची रसद तोडली, आणि मार खात तो पनवेलला परतला. आज आपण ज्या रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे राहतो, तेथे हे घडले आहे.

घाट चढण्यापूर्वी माणसाला आणि बैलाला पाणी हवे आणि उतरल्यावरही हवे. नानांनी तळ्यासाठी हीच जागा निवडली, त्यात मला पुण्याइतकाच हिशेबही दिसतो. फडणीस तो फडणीसच! मेणवलीचा घाट, पुण्याची बेलबाग, लोहगडावरील पाण्याची बांधकामे ही सगळी त्यांचीच. पाणी आणि देऊळ यांची जोडी त्यांनी बहुधा सोडली नाही.

याचा उपयोग काय, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. आमच्या वाडीच्या वर एक जुना दगडी बंधारा आहे. कोणी बांधला ते कोणाला ठाऊक नाही. डोंगरातून माती येऊन तो अर्धा गाळाने भरला आहे आणि एका अंगाला चिरे निखळून पाणी झिरपते. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण मार्च उजाडला की बायका हंडे घेऊन खाली नदीवर जातात. आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी गाळ काढायचे ठरवले. घमेली, फावडी जमली. एकाने ट्रॅक्टर देऊ केला. पण बंधाऱ्यापर्यंतची पायवाट सरकारी जमिनीतून जाते. चालत जायला कोणाची ना नाही, ट्रॅक्टर न्यायला परवानगी पाहिजे. अर्ज केला. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे धाडले, दुसऱ्याने नकाशा मागितला, नकाशावर बंधाराच नव्हता. जे कागदावर नाही त्याची दुरुस्ती कशी करणार? मृगाच्या सरी आल्या तेव्हा आमचा कागद कोणत्या तरी टेबलावर होता.

साहेबांची बाजूही मला कळते. कर्जत-खालापुरात एकदा ट्रॅक्टरची वाट पडली की मागोमाग फार्महाऊसचे खांब उभे राहतात. जंगल राखणाऱ्याने संशयी असलेच पाहिजे. पण शंभर वर्षे पाणी पिणाऱ्याला चार दिवसांची वाट मिळू नये, हे काही मनाला पटत नाही. 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात, दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याचा हक्क असलेल्याने आत जाऊन नळ दुरुस्त करावा आणि जमीन पूर्ववत करून द्यावी, अशी तरतूद आहे. आमच्या सरांनी ती दाखवली. नव्या अर्जात आम्ही तीच रीत लिहिली आहे: किती दिवस, किती फेऱ्या, गाळ कोठे टाकणार, वाट पुन्हा कशी बुजवणार.

नानांना मी देव मानत नाही. त्यांनी नेमलेल्या घाशीराम कोतवालाने पुण्यात काय केले आणि 1791 मध्ये त्याचे काय झाले, हे नाटकामुळे सर्वांना माहीत आहे. बालपेशव्यावर त्यांनी इतकी नजर ठेवली की तो मोठा झालाच नाही, असेही म्हणता येईल. 1795 मध्ये खर्ड्याला विजय मिळाला आणि त्याच वर्षी सवाई माधवराव वाड्याच्या गच्चीवरून पडून गेले. पुढच्या वर्षी पुणे सोडून नाना महाडला आले आणि तेथून मसलती करून पुन्हा कारभारात शिरले. 1797 च्या अखेरीस शिंद्यांच्या फौजेने त्यांना दग्याने पकडले. काही महिने नगरच्या किल्ल्यात कैद भोगून ते सुटले. 13 मार्च 1800 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ज्याने जमाखर्च राखला त्याचे दप्तर आज अभ्यासकांना पाहायला मिळते. आमच्या बंधाऱ्याचे दप्तर नाही. म्हणून यंदा प्रथम आम्ही टेप घेऊन त्याची लांबी, उंची मोजली, निखळलेले चिरे मोजले आणि वहीत लिहिले. वहीची नक्कल अर्जाला जोडली आहे. अर्ज जानेवारीतच दिला आहे.