कै. रावबहादूर केरो लक्ष्मण छत्रे

आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत लग्नाचा मुहूर्त, चतुर्थीचा चंद्रोदय, ग्रहणाचा वेध, सर्व कांहीं पंचांगावरून ठरवितात. परंतु त्यांत लिहिलेलें आकाशांत खरोखर तसेंच घडतें काय, हें पडताळून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. ते ज्यांनीं जन्मभर घेतले, त्या गणितज्ञाचें हें अल्प चरित्र आमच्या विद्यार्थिबंधूंस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

केरोपंतांचा जन्म १८२५ सालीं आपल्याच जिल्ह्यांत, अलिबागजवळील नागांव येथें झाला. शिक्षणासाठीं ते मुंबईस आले. एल्फिन्स्टन विद्यालयांत बाळशास्त्री जांभेकर व ऑर्लिबारसाहेब यांच्यासारखे गुरु त्यांस लाभले. पुढें ऑर्लिबारसाहेबांच्याच हाताखालीं कुलाबा वेधशाळेंत त्यांस काम मिळालें. हा कुलाबा मुंबईंतला; आपल्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत जें कुलाबा नांव होतें, तें अलिबागच्या जलदुर्गावरून पडलें होतें. वेधशाळेंत वारा, पाऊस, हवेचा दाब व होकायंत्राच्या सुईची सूक्ष्म हालचाल यांची नोंद नियमानें ठेवीत. काम कंटाळवाणें खरें. पण जें प्रत्यक्ष दिसलें तेंच लिहावयाचें, ही शिस्त केरोपंतांच्या अंगीं तेथेंच बाणली असावी, असें आम्हांस वाटतें. जातां जातां सांगण्यासारखें म्हणजे, मुंबईंत विजेच्या ट्रामी येणार व त्यांमुळें सुई विचलित होणार म्हणून हें चुंबकीय वेधांचें काम १९०४ सालीं अलिबागेस हलविण्यांत आलें, म्हणजे केरोपंतांच्या जन्मगांवाच्या शेजारींच! तें पाहावयास मात्र ते हयात नव्हते.

पुढें ते पुण्यास गेले. त्या काळीं घाटांत आगगाडी नव्हती. पनवेल, चौक, खालापूर, खोपोली व मग बोरघाट, असा मुंबई-पुण्याचा हमरस्ता होता. पुण्यास शिक्षकाच्या कामापासून चढत चढत ते डेक्कन कॉलेजांत गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले व कांहीं काळ त्यांनीं प्रिन्सिपॉलचें कामहि पाहिलें. मुंबई विद्यापीठ निघालें तें १८५७ सालीं, म्हणजे केरोपंतांचें शिक्षण आटोपल्यावर. त्यामुळें पदवी नसतांहि ते पदवीधर घडवीत होते. बाळ गंगाधर टिळक हे त्यांच्याच वर्गांत बसलेले. अंकगणित व पदार्थविज्ञान यांवरील त्यांचीं मराठी पुस्तकें शाळांतून चालत असत.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. त्या वेळचीं आपल्याकडील पंचांगें बहुधा ग्रहलाघव नामक ग्रंथावरून करीत. तो गणेश दैवज्ञानें १५२० च्या सुमारास रचला, आणि गणेश दैवज्ञ हाहि आपल्याच किनाऱ्यावरील नांदगांवचा! ग्रंथ इतका सुटसुटीत, कीं ज्याचापांची किचकट खटपट न करितां ग्रह काढतां येतात. पण कोणतेंहि गणित जुनें होतें. जुन्या ग्रंथांतील वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें आहे. साडेतीन मिनिटें तीं काय? परंतु चारशें वर्षांत तीं साचून जवळजवळ एक दिवस होतो. चंद्राच्या व ग्रहांच्या गतींतहि अशीच चूक वाढत जाऊन ग्रहणाची लिहिलेली वेळ एक व दिसलेली दुसरी, असें होऊं लागलें.

केरोपंतांनीं फ्रेंच व इंग्रजी ज्योतिषग्रंथांच्या आधारें १८६० सालीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें हा ग्रंथ मराठींत प्रसिद्ध केला, व १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानें नवें पंचांग काढलें. त्यास पटवर्धनी पंचांग म्हणूं लागले. येथें एक अडचण उभी राहिली. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा? केरोपंतांनीं मीन राशींतील एक मंद तारा रेवती म्हणून घेतला व तेथून आरंभ मानला. रूढ आरंभापासून हें स्थान सुमारें चार अंश मागें. सूर्य रोज एक अंश चालतो, तेव्हां संक्रांती चार दिवस अलीकडे आल्या. क्वचित् अधिकमासहि बदलला, आणि मग सणच महिनाभर सरकले. एकाच आळींत दोन घरीं दोन महिन्यांत गणपति, हें लोकांस कसें रुचावें?

आमच्या मतें येथें दोन प्रश्न एकत्र मिसळले गेले. ग्रह आकाशांत कोठें आहे, हा वेधाचा प्रश्न. त्यांत केरोपंत निःसंशय बरोबर होते. मोजणी कोठून सुरू करावी, हा संकेताचा प्रश्न. त्यांत लोकांच्या संवयीसहि कांहीं अधिकार आहे. दुसऱ्या प्रश्नापायीं पहिल्याचें महत्त्व पुष्कळांच्या ध्यानांत आलें नाहीं, ही खेदाची गोष्ट. पुढें मात्र इतर पंचांगकर्त्यांनीं रूढ आरंभाच्या जवळचें स्थान ठेवून गणित तेवढें नवें घेतलें, म्हणजे केरोपंतांची पहिली गोष्ट मान्य झाली. १९५७ पासून भारत सरकारहि वेधाशीं जुळणारें राष्ट्रीय पंचांग प्रसिद्ध करूं लागलें.

केरोपंत १९ मार्च १८८४ रोजीं निवर्तले. त्यांचा पक्ष टिळकांनीं पुढें चालविला. १९०४ सालीं मुंबईस व १९२० सालीं सांगलीस पंचांगाच्या वादासाठीं परिषदा भरल्या. केरोपंतांची रेवती मानणाऱ्या पंचांगास आज टिळक पंचांग म्हणतात. कोंकणांत तें पाळणारीं कांहीं घरें अद्याप आहेत. त्यांच्याकडे मकरसंक्रांत १० जानेवारीस होते, आणि शेजारचा तिळगूळ त्यांस चार-पांच दिवसांनीं पोंचतो.